विंगेतल्या माणसाची शाळा

१९८८ साली आमच्या बँकेचे नाटक आंतरबँक स्पर्धेत उतरले होते. मला अभिनय येत नव्हता, पण हिशेब चोख होता. म्हणून रंगमंच-व्यवस्था माझ्या गळ्यात पडली. दुसऱ्या प्रवेशाअखेर ब्लॅकआऊट झाला आणि आमचा एक सहकारी नट अंधारात लेव्हलवरून उतरताना चुकला. घोटा मोडला. दीड महिना तो काउंटरवर आला नाही. नंतर माझी वही पाहिली, तर चहाचा खर्च पैशापर्यंत जुळला होता. लेव्हलच्या कडेला पांढरी पट्टी लावायची असते, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

बँकेत स्ट्राँगरूम एका माणसाच्या ताब्यात देत नाहीत. दोन किल्ल्या, दोन माणसे, दोन सह्या. रंगमंचावर मात्र नटांच्या डोक्यावरचे स्पॉट, तात्पुरत्या जोडलेल्या वायरी आणि आधारावर उभे केलेले फ्लॅट आपण ज्याच्या भरवशावर सोडतो, त्याला हे कोणी शिकवले का, एवढेही विचारीत नाही.

शिकवणाऱ्या संस्था नाहीत, असे नव्हे. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून आहे, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून, आणि मुंबई विद्यापीठातही नाट्यशिक्षण मिळते. पण राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते. दहावीनंतर टेम्पोतून सेट उतरवता उतरवता या धंद्यात आलेल्या मुलाने, घर चालवायचे सोडून, तिथे जायचे कसे?

तो मुलगा जे करतो ते हमालीच्या पलीकडचे आहे. एकाच नाट्यगृहात दिवसाला दोन-तीन प्रयोग असतात. आधीच्या नाटकाचा दिवाणखाना उतरवून पुढच्याचा वाडा तासाभरात उभा करायचा, कप-बशीपासून पिस्तुलापर्यंतची प्रॉपर्टी जागेवर ठेवायची, तिसरी घंटा वेळेवर द्यायची, प्रकाश आणि संगीताचा प्रत्येक इशारा सांभाळायचा. नट वाक्य विसरला तर दुसरा सावरून घेतो. फ्लॅट पडला तर कोण सावरणार?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांनी उभारलेली, १९१५ पासूनची ही वास्तू. कारण काहीही असो. त्या बातमीने मला झोप लागली नाही. लाकूड, कापड आणि वीज जिथे एकत्र नांदतात, तिथे भरल्या प्रेक्षागृहात धूर दिसला, तर पहिल्या दोन मिनिटांत मेन स्विच कोण बंद करणार, दारे कोण उघडणार, प्रेक्षकांना शांतपणे बाहेर कोण काढणार? हे त्या क्षणी सुचत नाही. आधी शिकून ठेवावे लागते.

जुने लोक म्हणतील, हे काम हाताखाली राहूनच येते. खरे आहे. बँकेचे कामही टेबलावरच शिकलो. पण टेबलाबरोबर प्रशिक्षण महाविद्यालय होते, सीएआयआयबीची परीक्षा होती, आणि ती पास झाले की इन्क्रिमेंट मिळे. शिकण्याला पगाराची जोड होती, म्हणून आम्ही रात्री जागून अभ्यास केला.

तेच इथे करावे. नगरपालिका आणि महापालिकांची नाट्यगृहे सकाळी बहुधा मोकळीच असतात. तिथेच सहा महिन्यांचा वर्ग चालवावा. बांधणी आणि वजन, वीज, इशाऱ्यांची वही, प्रथमोपचार, आग, दौऱ्याचा हिशेब आणि करार, एवढे विषय पुरे. शिकवायला मास्तर बाहेरून आणायला नकोत; तीस-तीस वर्षे विंगेत उभे राहिलेले लोक आहेत, त्यांना मानधन देऊन खुर्चीत बसवावे. परीक्षा तोंडी आणि हातची असावी. प्रमाणपत्र असलेल्याची प्रत्येक प्रयोगाची नाईट निर्मात्याने वाढवावी, आणि असा एक माणूस असल्याशिवाय नाट्यगृहाने पडदा उघडू देऊ नये. खर्च वाढेल, हे निर्मात्यांचे म्हणणे मला मान्य आहे. विम्याचा हप्ताही खर्चच असतो.

माझा तो सहकारी आता निवृत्त आहे. पावसाळ्यात घोटा चोळीत तो मला अजून म्हणतो, ‘‘काही म्हण, चहा मात्र फर्मास होता.’’ तो हसतो. मला अजून हसता येत नाही.