फरशीखालचा शब्द

आमच्या बाथरूमची जुनी फरशी काढून नवी घालायचं काम सध्या चालू आहे. ज्यांच्या घरी असं काम निघालं असेल त्यांना बाकी काही सांगायला नको. सिमेंटची धूळ घट्ट झाकणाच्या चहाच्या डब्यातसुद्धा जाते. तर परवा संध्याकाळी थापी धुता धुता मिस्त्री म्हणाले, "काकू, फरशी बसवलीय. आता उद्यापर्यंत पाय ठेवू नका, सेट होऊ द्या."

बरं म्हटलं आणि शेजारी आंघोळीची सोय होते का ते विचारायला निघाले. जिन्यात मात्र थबकले. मिस्त्रींनी एका दमात एकच शब्द दोनदा वापरला होता आणि त्याचा त्यांना पत्ता नव्हता.

इंग्रजीतलं 'सेट' हे मुळात 'सिट'चं प्रयोजक रूप. जुन्या इंग्रजीत 'सित्तन' म्हणजे बसणं आणि 'सेत्तन' म्हणजे बसवणं. संस्कृतातला 'सद्' धातू या घराण्याचा लांबचा चुलतभाऊ. संसद, परिषद, सदस्य, उपनिषद ही सगळी बसणाऱ्यांचीच मंडळी. (संसदेत बसण्यापेक्षा उठणंच जास्त दिसतं, पण ते असो.) आपलं 'बसणे' मात्र त्या घरचं नाही. ते 'उपविश्'वरून आलं, वाटेत 'बैसणे' झालं. वेगळ्या घरची असूनही ही दोन क्रियापदं इतकी सारखी वागतात की पाहत राहावं.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली. त्यात 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ दिले होते आणि ती एकटी नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती. तेवढ्यात एक बऱ्यापैकी कादंबरी होते. बरीच वर्षं सगळ्यांत जास्त अर्थांचा शब्द म्हणून 'सेट'चा मान होता. पुढे कोशाची नव्याने उजळणी सुरू झाली आणि २०११ मध्ये 'रन'ने त्याला मागे टाकलं: क्रियापदाचे ६४५ अर्थ. पीटर गिलिव्हर हे संपादक त्या एका शब्दावर नऊ महिने बसून होते. नऊ महिने हा आकडा वाचून बाईमाणसाला काय आठवतं ते लिहायला नकोच.

एवढे अर्थ ऐकून दडपण येतं खरं. पण वीसेक वर्षं भाषांतरं करून माझ्या लक्षात आलंय की अर्थ शेकड्यांनी असले तरी मराठीचं काम बरंचसं दोन क्रियापदांवर भागतं. सोनार अंगठीत खडा बसवतो, हाडवैद्य हाड बसवतो. इंग्रजीत दोन्हीकडे 'सेट'. उरलेलं बरंच 'लावणे' उचलतं. आपण गजर लावतो, सापळा लावतो, आग लावतो, कवितेला चाल लावतो आणि रात्री झोपताना आठवणीने दही लावतो. ही सगळी कामं इंग्रज माणूस 'सेट'नेच करतो. मग थोडे चुकार अर्थ राहतात. तारीख आपण ठरवतो, मुहूर्त काढतो, प्रश्नपत्रिकाही काढतो. ताटं मांडतो. छापखान्यात खिळे जुळवत, आणि जुळवणारा तो जुळारी. हा शब्द मी लहानपणी ऐकलाय. आता खिळेही नाहीत आणि जुळारीही नाहीत.

समानार्थी शब्दांच्या कोशाचा इथे फार उपयोग होत नाही. रॉजेटने १८५२ साली काढलेला थिसॉरस नव्या रूपांत अजून चालतो आणि अशा कोशात 'सेट'जवळ 'पुट', 'प्लेस', 'ले', 'फिक्स' अशी मंडळी शेजारी शेजारी बसलेली असतात. पण हाडवैद्याने हाड नुसतं ठेवलं तर रोगी बोंब मारेल, आणि दही कुणी 'प्लेस' केलं तर सकाळी भांड्यात दूधच असेल.

एक सेट मात्र या घरचा नव्हेच. चमच्यांचा सेट, कपांचा सेट, ज्याला नववीच्या गणितात संच म्हणतात तो. हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ लॅटिन 'सेक्टा', म्हणजे अनुयायांचा समूह. पंथाला इंग्रजीत 'सेक्ट' म्हणतात तो त्याचा सख्खा भाऊ. पुढे उच्चार एकच झाला आणि दोन कुळं एका नावाने नांदू लागली. सहा जणांच्या डिनर सेटला पंथ म्हणायला माझी हरकत नाही. त्यातला एक कप फुटला की उरलेले पाच तसे अनाथच होतात.

आपण 'सेट' घेतला तो या दोन्ही कुळांसकट, वर आपलीही भर घातली. 'आतून सेटिंग आहे' हा अर्थ आपल्या मातीतला, ऑक्सफर्डच्या पोटात जन्मलेला नाही. प्राध्यापक व्हायचं तर सेट-नेट, व्यायामशाळेत तीन सेट, उडुप्याकडे सेट डोसा. नाटकवाले तर 'सेट लागला का?' म्हणतात, म्हणजे दोन्ही भाषांची ओढाताण एका वाक्यात मिटवतात. याला माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती स्वयंपाकघराबद्दल. तूप थिजतं, आमटी आळते, बर्फ गोठतो, दुधावर साय धरते, पाक जमतो, विरजण लागतं. घट्ट होण्याच्या एवढ्या तऱ्हा आपल्या आज्यांनी वेगवेगळ्या ओळखल्या, कारण प्रत्येकीला वेगळा हात आणि वेगळा वेळ लागतो. आता यूट्यूबवरची ताई सगळ्याला 'छान सेट होऊ द्यायचं' म्हणते. माझी भाची त्या ताईचं ऐकून वड्या करते आणि मग मला विचारते, की सेट तर झाल्या, पण पडत का नाहीत? अगं, पाक पुढे गेला. 'सेट'मध्ये पाक पुढे जात नाही ना.

बरं, आपणही ऑक्सफर्डकरांना नऊ महिने बसवू शकतो. 'लागणे' द्या त्यांच्या हातात. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, गाव लागतं, नोकरी लागते, वाट लागते. तो माझा मामा लागतो. भात खाली लागला आणि तरी गोड लागला. स्टँडवर 'बस लागली' म्हटलं की लोक पिशव्या उचलून धावतात आणि घाटात 'बस लागली' म्हटलं की पिशवी रिकामी करून पुढे करतात. सूर्य बुडायच्या वेळी इंग्रजांचा सूर्य 'सेट' होतो, आपल्याकडे त्याच वेळेला दिवेलागण म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले, उकिडवे बसले आणि थापीच्या दांड्याने एकेक फरशी वाजवत गेले. टक, टक, टक. कोपऱ्यातल्या तिनांचा आवाज मात्र पोकळ आला. त्यांनी मान हलवली. मी माझं नवं ज्ञान वापरायला उतावीळ होतेच.

"सेट झाल्या नाहीत का?"

"सेट झाल्यात हो काकू, दगडासारख्या," मिस्त्री म्हणाले. "बसल्या नाहीत. आता फोडाव्या लागतील."