मानेचे दुखणे आणि मेजाची उंची

मान दुखू लागली की आपल्याकडील सुशिक्षित मनुष्य प्रथम एक्स-रे काढतो, आणि ‘मणके झिजलेत’ किंवा ‘मणक्यात गॅप आलाय’ असा निवाडा ऐकून, गळ्यात पट्टा बांधून, खिन्न मुद्रेने घरी परततो. वस्तुतः पन्नाशी ओलांडलेल्या बहुसंख्य माणसांच्या, आणि त्यांत ज्यांची मान कधी दुखलेली नाही अशांच्याही, चित्रांत मणक्यांमधील चकत्या आटलेल्या व कडांना हाडाचे काटे फुटलेले दिसतात. केस पिकावेत तसा हा वयोधर्म असून त्याचा वेदनेशी असलेला संबंध समजला जातो तितका सरळ नाही. तथापि चित्रावरून व्याधीचे नाव ठरविण्याचा शिरस्ता इतका बळावला आहे की, रुग्ण दिवसभर कोणते काम करतो आणि ते कसा बसून करतो, हे विचारण्याची सवड फारशी कोणाला राहिलेली नाही.

मानेचे सात मणके सुमारे ४.५ ते ५ किलो वजनाचे मस्तक तोलून धरतात. ते खांद्यांच्या सरळ रेषेत असेल तर स्नायूंना श्रम थोडे. पुढे झुकले की मागच्या स्नायूंना ते तासन्‌तास ओढून धरावे लागते. एखाद्या कचेरीतील कारकुनाचे मेज जवळून पाहावे. मध्यभागी फायलींची चळत, म्हणून संगणकाचा पडदा उजव्या कोपऱ्यात सरकलेला. डाव्या हाताला नोंदवही उघडी. फोन आला की रिसीव्हर कान आणि खांदा यांमध्ये दाबून बोटे टंकलेखन करीतच राहतात. आणि खुर्चीची उंची बदलण्याचा खटका, बहुधा तिच्या खरेदीच्या वर्षीच, तुटलेला. हा गृहस्थ संध्याकाळी डोक्याच्या मागच्या भागापासून खांद्याच्या फऱ्यापर्यंत पसरलेली कळ घेऊन लोकलमध्ये चढतो आणि तेथे पुन्हा मोबाइलमध्ये मान घालतो. काळजी आणि अपुरी झोप या वेदनेला आणखी धार आणतात, हे वेगळे सांगावयास नको.

अशा दुखण्यावरील उपाय साधा आहे, आणि कदाचित त्यामुळेच तो अप्रिय आहे. बहुतेकांची अवघडलेली मान काही आठवड्यांत सुटते; तोवर शेक, डॉक्टरांच्या सल्ल्याने मोजक्या दिवसांपुरते वेदनाशामक औषध आणि सोसेल तितकी हालचाल पुरते. पुढे तळहात कपाळाला लावून त्यावर डोके दाबावे, पण मान हलू देऊ नये, आणि हाच प्रकार दोन्ही बाजूंनी व मागूनही करावा, असला व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घेऊन नित्य केला तर पट्ट्याची गरज सहसा पडत नाही. पट्टा महिनोन्‌महिने बांधला तर ज्या स्नायूंना बळकटी हवी तेच दुबळे होतात. केशकर्तनालयात ‘कडाड्’ असा आवाज काढून मान मोडून घेण्याचा शौक मात्र साफ सोडावा. मानेच्या मणक्यांतील छिद्रांतूनच मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्या वर चढतात, आणि झटक्याने त्यांचे अस्तर फाटून पक्षाघात होणे विरळा असले तरी घडलेले आहे. सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळू लागली, हातातील जोर गेला, चाल डळमळली, लघवीवरील ताबा सुटला, किंवा दुखण्यास ताप अथवा अपघाताची जोड असली, तर मात्र व्यायाम बाजूस ठेवून विनाविलंब तज्ज्ञाकडे जावे. तेथे चित्राची, आणि प्रसंगी शस्त्रक्रियेचीही, खरी आवश्यकता असते.

माझी तक्रार निराळीच आहे. व्यायामाचा सारा उपदेश आपण रुग्णाला करतो आणि मेजाबद्दल मालकास चकार शब्द विचारीत नाही. कारकुनाची गोष्ट निदान सुसह्य आहे; डोक्यावर चुंबळ ठेवून गोणी वाहणाऱ्या हमालाला ‘मानेवर ताण देऊ नका’ असे सांगणे ही क्रूर थट्टा होय. डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांच्या मानेचे मणके समवयस्कांहून लवकर झिजतात; ही झीज वयाची नव्हे, वजनाची. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली स्वतंत्र कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात, ५० किलोंहून जड गोणी उचलणार नाही, असे त्या कामगारांना अजूनही बाजारात भांडून सांगावे लागते. आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एका प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची कमाल मर्यादा सुचविली ती १९६७ साली.

रजेच्या अर्जास वैद्यकीय दाखला जोडण्याची पद्धत रूढच आहे. त्याच दाखल्यावर डॉक्टरांनी पडदा कोठे असावा, खुर्ची किती उंच असावी, गोणी किती वजनाची चालेल, हे स्पष्ट लिहावे. आणि त्याची तजवीज ठरावीक मुदतीत केली की नाही, याचा जबाब आस्थापनेकडून लेखी घेण्याचे काम सरकारच्या कामगार खात्याने आपल्याकडे घ्यावे.