तो खळगा कष्टाचा नाही

गेल्या दिवाळीत माझ्या चुलतभावानं आमच्या पडवीतल्या धार लावायच्या दगडाचा फोटो काढला. तिरकं ऊन, लाकडी ठोकळ्यात बसवलेला तेलकट काळा दगड आणि मधोमध पडलेला गुळगुळीत खळगा. खाली ओळ लिहिली, 'काकांच्या तीस वर्षांच्या कष्टांनी दगडसुद्धा झिजला.' बदामांचा पाऊस पडला. माझ्या ओळखीच्या दोन कवींनी तो पुढे पाठवला, एकानं तर डोळे पाणावल्याचंही कळवलं. मला मात्र राग आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

तो खळगा ही कष्टाची खूण नाही. अवजार बिघडलं आहे आणि ते कुणी दुरुस्त केलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. टायर गुळगुळीत झालेल्या एसटीचा फोटो काढून 'केवढा प्रवास केला हिनं' असं आपण लिहीत नाही. मग सुताराच्या दगडाबद्दल का लिहितो?

मी सुतार आहे, बाबाही सुतार. आमचं गाव चिपळूणच्या पुढं. दारं, खिडक्या, देव्हारे, कुणाकडं फणसाचं लाकूड निघालं तर पाट. आमच्याकडचा दगड तुम्ही कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात पाहिला असेल: आठ इंच लांब, दोन इंच रुंद, एक इंच जाड, एक बाजू खरखरीत, एक बारीक. हा खाणीतून आलेला नसतो. कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अचेसन कृत्रिम हिरे बनवायच्या खटपटीत होता, तेव्हा त्याच्या हाती हे लागलं. त्याचे कण चिकटवून, भट्टीत भाजून दगड तयार होतो. म्हणजे 'पूर्वजांचा पाषाण' वगैरे जे काही कवितेत येतं, ते कारखान्यात साच्यातून निघालेलं असतं. ते काही कमी दर्जाचं नाही. फक्त तसं आहे.

आता खळगा कसा पडतो ते पाहा. पटाशी घासताना हात आपोआप मधेच फिरतो, कारण टोकाला गेलं की पातं घसरून खाली जायची भीती. मधला भाग झिजतो, टोकं तशीच राहतात. वर्षभरात नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. पाच वर्षांनी स्टीलची पट्टी उभी ठेवली तर खालून उजेड दिसतो. बाबांच्या दगडात मधोमध पट्टीखाली दोन मिलिमीटरची फट होती.

दोन मिलिमीटरनं काय होतं? पटाशीची पाठ सपाट असावी लागते, कारण सांधा तासताना तीच लाकडावर टेकते आणि धारेला वाट दाखवते. खोलगट दगडावर घासलेली पाठ फुगीर होते. ती लाकडावर ठेवली की धार अधांतरी राहते, मग मूठ उचलावी लागते, मूठ उचलली की धार आत घुसते. कुसू एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होतं. रंध्याच्या पात्याचं तेच. खळगा आडवाही असतो, त्यामुळं पात्याची धार कमानीसारखी गोल येते आणि फळी सरळ निघायच्या ऐवजी तिच्यावर हलक्या पन्हाळी उमटतात. मग पॉलिश पेपर. मग सांध्यात पाचर, पाचरीवर लांबी, लांबीवर रंग. गिऱ्हाईक म्हणतं, हल्ली काम पूर्वीसारखं राहिलं नाही.

हे सगळं त्या फोटोत दिसत नाही. फोटोत फक्त ऊन दिसतं.

माझं भांडण चुलतभावाशी नाही, तो पोरगा चांगला आहे. भांडण आपल्या त्या सवयीशी आहे, जिला हातानं काम करणारा माणूस घामाळलेला, थकलेला आणि झिजलेलाच आवडतो. त्याला काही कळतं, तो मोजतो, तपासतो, दुरुस्त करतो, हे लिहिताना आपली लेखणी अडते. हातांच्या भेगांवर पानंच्या पानं, पण गुण्या खरा नव्वद अंशाचा आहे का ते तो कसं पाहतो, यावर एक ओळ नाही. (गुण्या फळीच्या कडेला लावून रेघ मारायची, उलटा करून त्याच जागी पुन्हा मारायची. दोन रेघा एक झाल्या तर गुण्या खरा. बाबांनी मला हे सहावीत शिकवलं.) झिजलेल्या दगडाचं कौतुक करताना आपण त्या माणसाला सांगत असतो, तुझं ज्ञान आम्हाला नको, तुझी झीज दाखव.

आणि दगडाची निगा राखायची असते हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असंही नाही. आजीच्या वेळी जात्याला आणि पाट्याला टाकी लावणाऱ्या बायका दारावर यायच्या. पाटा गुळगुळीत झाला की वाटण निसटतं, वाटलं जात नाही, हे घरातल्या प्रत्येक बाईला कळत होतं. छिन्नी-हातोडीनं पाट्यावर बारीक टिचे पाडले की तो पुन्हा धरायला लागायचा. गुळगुळीत पाट्याकडं बघून कुठल्याही आजीनं उसासा टाकला नाही. तिनं टाकीवालीला हाक मारली. धारेच्या दगडाचंही तेच. तो नुसता खोलगट होत नाही, वरचे कण बोथट होतात, मधल्या बारीक जागा लोखंडाच्या कीटानं आणि सुकलेल्या तेलानं भरतात. मग दगड हाताला मऊ लागतो आणि आपल्याला वाटतं, वा, बारीक झाला. बारीक नाही, तो मेलेला असतो.

मग बाबांनी दगड सपाट का केला नाही? त्यांना सांगणारं कुणी नव्हतं, हे एक कारण. दुसरं जास्त खरं आहे. हजेरीवर काम करताना धार लावायला गेलेली दहा मिनिटंसुद्धा लोकांना खुपायची. "सुतार, दगडाशी किती वेळ खेळताय?" हे वाक्य मी लहानपणी कितीदा ऐकलंय. जिथं धार लावणं हेच कामचुकारपणात जमा, तिथं दगड घासत बसलेल्या माणसाला कोण पैसे देणार? रंधा चालला की काम दिसतं, दगड सपाट झाला तर काहीच दिसत नाही. फुकट करायचं काम म्हणून ते राहिलं आणि तीस वर्षं राहिलं.

शिकलेल्या ठिकाणीही हेच. बारावीनंतर मी पुण्याला एका प्रशिक्षण संस्थेत होतो. तिथल्या वर्कशॉपात बेंच ग्राइंडर होता, त्याचं चाक आरशासारखं चकाकायचं. चांगल्या चाकात बोथट कण गळून पडतो आणि खालचा ताजा कण पुढं येतो. तसं झालं नाही तर चाकाला ड्रेसर लावून वरचा थर काढायचा आणि चाक पुन्हा गोल करायचं, काम दोन-चार मिनिटांचं. आमचा ड्रेसर कपाटात कुलूपबंद होता, चोरीला जाऊ नये म्हणून. चाक कापत नव्हतं, नुसतं घासत होतं, आणि घासलं की तापतं. मुलं आणखी जोर लावायची. पटाशीचं टोक निळं पडायचं. साध्या पोलादाला निळा रंग आला म्हणजे ते तीनशे अंशांच्या आसपास गेलं आणि त्याचं पाणी उतरलं. चाक झिजून लहान झालं तरी टेकू पुढं सरकवलेला नव्हता. ती फट तीन मिलिमीटरच्या वर असू नये. आमच्याकडं बोट जाईल एवढी होती, आणि एक दिवस गेलं. माझ्या शेजारच्या मुलाचं नखासकट पेर गेलं. त्याला पहिला प्रश्न विचारला गेला, "लक्ष कुठं होतं तुझं?"

चाकाकडं कुणाचं लक्ष होतं, हे कुणी विचारलं नाही.

दिवाळीच्या त्या फोटोनंतर चार दिवसांनी मी बाबांचा दगड ठोकळ्यातून काढला. जाड काच, तिच्यावर ऐंशी नंबरचा वॉटर पेपर, दगड तेल प्यायलेला म्हणून पाण्याऐवजी रॉकेल. दगडावर पेन्सिलीनं जाळी काढली आणि घासायला लागलो. टोकांच्या रेघा लगेच गेल्या, मधल्या तशाच. बाबा झोपाळ्यावरून बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "दगड खातोयस तू. आहे तेवढा टिकला असता." त्यांचं चूक नव्हतं, दोन मिलिमीटर उतरवायचे म्हणजे दगड जातोच. दोन संध्याकाळी आणि सात पेपर लागले. शेवटची रेघ गेली तेव्हा पट्टीखालून उजेड येत नव्हता. मग पटाशीची पाठ सपाट केली, त्याला आणखी एक सकाळ.

बाबांनी पटाशी घेतली, सागाच्या तुकड्यावर पाठ टेकवली आणि ढकलली. एकच पातळ सलग साल निघाली. त्यांनी पुन्हा केलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटायचं माझाच हात वाकडा आहे."

तीस वर्षं. या माणसानं गावातली अर्धी दारं केली, आणि प्रत्येक पाचर मारताना स्वतःच्या हाताला दोष दिला. त्या खळग्यावर बदाम पाठवणाऱ्या प्रत्येकाला मला हे वाक्य ऐकवायचं आहे.

उलट्या टोकाचेही लोक आहेत, त्यांनाही सोडत नाही. तुमच्या फोनवर रोज येतात. आठ हजार नंबरचा जपानी दगड, हळूवार संगीत, कागद कापून दाखवणारी सुरी. पाण्यावर चालणारे बरेचसे दगड मऊ असतात, आपल्या कार्बोरंडमपेक्षा लवकर खोलगट होतात, त्यामुळं दर दोन-चार वेळांनी सपाट करावे लागतात. ते घासणं त्या व्हिडिओत क्वचितच दिसतं. घाण निघते, हात काळे होतात आणि शेवटी चमकणारं काही दाखवता येत नाही. एकाला झीज सुंदर दिसते, दुसऱ्याला धार. दोघांच्या मधला दगड दोघांनाही दिसत नाही.

काच नसेल तर तीन दगड घ्या. दोनच एकमेकांवर घासले तर एक फुगीर, एक खोलगट होऊनही ते एकमेकांत चपखल बसतात आणि फसवतात. तीन दगड आळीपाळीनं प्रत्येक जोडीत घासले तर तिघांना सपाट झाल्याशिवाय एकमेकांवर बसताच येत नाही. तीन पृष्ठांची ही युक्ती लंडनमध्ये हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात वापरात होती. तिथंच काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनं धातूचे सपाट पृष्ठभाग कसे करायचे यावर १८४० मध्ये ग्लासगोत निबंध वाचला. तो मात्र घासण्याच्या विरोधात होता, खरवडा म्हणायचा. कारागिरानं विद्वानांसमोर उभं राहून सपाटीवर बोलावं, हे मला फार आवडतं.

विळीला, कोयत्याला हे सगळं लागत नाही हेही सांगतो, नाहीतर कुणीतरी आईच्या विळीसाठी काच विकत आणेल. तिथं खोलगट दगडही चालतो.

आमचा दगड आता पूर्वीपेक्षा बारीक आहे, ठोकळ्यात हलतो, म्हणून खाली पुठ्ठा घातलाय. बाबा महिन्यातून एकदा त्यावर पेन्सिलीच्या रेघा मारतात, माझ्यापेक्षा सरळ. चुलतभावाला मी त्याचा नवा फोटो पाठवला. त्यानं तो कुठं टाकला नाही. म्हणाला, "दादा, यात काही दिसतच नाहीये रे."