जुना धागा कोठें जातो?

मागील अंकांत पेशींच्या विभाजनाविषयीं लिहिलें, तेव्हां एक प्रश्न राहून गेला. एका पेशीच्या दोन होण्यापूर्वीं तिच्यांतील डीएनएचीही दुसरी प्रत व्हावयास हवी. ती कशी होते?

डीएनए म्हणजे परस्परांभोंवतीं पिळलेले दोन धागे, हें वॉटसन आणि क्रिक यांनीं १९५३ सालीं सांगितलें. एकावर अॅडेनीन असेल तेथें समोर थायमीन, ग्वानीन असेल तेथें सायटोसीन. अर्थात् एक धागा हातीं असला कीं दुसरा सिद्ध करतां येतो. यावरून त्यांचें अनुमान असें कीं, दोन्ही धागे सुटे होऊन प्रत्येकावर नवा जोडीदार बसत असावा. अनुमान मोहक खरें; परंतु तेवढ्यानें तो सिद्धान्त होत नाहीं. मॅक्स डेलब्रुक यांस इतका लांब पीळ उलगडणेंच दुर्घट वाटे. पोथीची नक्कल होते त्याप्रमाणें मूळ पीळ अखंड राहून शेजारीं संपूर्ण नवा होत असेल, किंवा मुळाचे तुकडे दोहोंत विखुरत असतील, असेही पक्ष उभे होते.

निर्णय लागला तो अमेरिकेंत, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें. मेसेल्सन व स्टाल यांचा हा निबंध १९५८ चा. नायट्रोजनचा नेहमींचा अणु १४ भाराचा. परंतु १५ भाराचाही असतो. त्यांनीं ई. कोलाय जंतु १४ पिढ्या जड नायट्रोजनवर पोसले आणि मग एकदम हलक्यावर आणले. त्यांचा डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणांत घालून मिनिटास ४४,७७० फेरे या वेगानें २० तास फिरविला, म्हणजे तो आपापल्या घनतेच्या थरास जाऊन बसतो.

एका पिढीनंतर पट्टा एकच दिसला, आणि तोही जड व हलका यांच्या बरोबर मधोमध! अखंड नकलेचा पक्ष येथेंच बाद झाला. त्यांत एक जड व एक हलका असे दोन पट्टे पडावयास हवे होते. विखुरण्याचा पक्ष मात्र अद्याप तग धरून होता. दुसऱ्या पिढीनंतर निम्मा डीएनए मधोमध, निम्मा सर्वस्वी हलका. तुकडे विखुरले असते तर सगळा एकाच थरास सांपडता. आपल्या नैयायिकांस हें परिशेषानुमान पाहून संतोषच वाटला असता.

मधला डीएनए तापविला, तेव्हां त्याचे जड व हलके भाग वेगळे झाले. तरीही त्यांनीं निबंधांत त्यांस ‘धागे’ न म्हणतां ‘उपघटक’ म्हटलें. हा संयम मला प्रयोगाइतकाच मोलाचा वाटतो. ते धागेच, हें पुढें ठरलें.

डेलब्रुक यांची शंकाही पोकळ नव्हती. पीळ उलगडतांना पुढें पडणारा ताण सोडविण्यास पेशींत खरोखरच निराळीं विकरें असतात. टोपोआयसोमरेज नांवाच्या या वर्गांतील पहिलें विकर जेम्स वांग यांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केलें. तें धाग्यास क्षणभर छेद देतें, पीळ सैल होऊं देतें आणि तोच धागा पुन्हां सांधतें.