काशाची वाटी तुमच्यापाशीच ठेवा

मेंदूला मार लागलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारतात. "ओळखलंस का मला?" आणि "चालता येतंय ना?" दोन्हींचं उत्तर 'हो' आलं की देवापुढे नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि पेशंट बरा झाल्याचं जाहीर होतं. तो रात्री तीन वाजता टक्क जागा असतो आणि दुपारी ताटावर बसल्या बसल्या पेंगतो, हे कोणाच्या खिजगणतीतही नसतं.

मी अशीच जाहीररीत्या बरी झालेली बाई आहे. उभ्या मोटारीचं दार माझ्या स्कूटरसमोर धाडकन उघडलं. हेल्मेट होतं म्हणून जिवावरचं निभावलं, पण कवटीत रक्त साकळलं. ऑपरेशन झालं, टाके निघाले, केस पूर्ववत आले. झोप तेवढी आली नाही.

माझं डिस्चार्ज कार्ड मी फाइलला लावून ठेवलंय. फिट येऊ नये म्हणून कोणती गोळी किती वाजता घ्यायची, डोक्यावरून पाणी कधीपासून घ्यायचं, सगळं व्यवस्थित टाइप केलेलं. सगळ्यांत खाली पेनाने खरडलेलं: भरपूर विश्रांती. मी विचारलं, "डॉक्टर, झोपच लागत नाही, विश्रांती घेऊ कशी?" डॉक्टर स्कॅनकडे बघत म्हणाले, "होतं असं. टेन्शन घेऊ नका." स्कॅन उत्तम होता. अडचण स्कॅनला नव्हती, मला होती.

मग नातलगांची वरात. एका काकूंनी तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासायला सांगितलं. दुसरीने दुधात जायफळ उगाळून दिलं. एका मावसभावाने ब्राह्मीचं तेल आणलं आणि वर ऐकवलं, "मोबाइल बंद ठेव, सगळं आपोआप येतं." माया खरी होती, ती नाकारत नाही. पण जायफळाने दुखावलेला मेंदू जुळत नाही. आणि हीच मंडळी दुपारी मला झोपलेली पाहून एकमेकींकडे बघायची. रात्री जागते म्हणून बिचारी, दुपारी झोपते म्हणून आळशी! घरची सून भरदुपारी आडवी झाली की आपल्याकडे जे तोंड वाकडं होतं, त्याला ब्रेन सर्जरीचीही सूट नाही.

आता जरा शास्त्राचं ऐका. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. शरीराचं घड्याळ तिथे चालतं. आपल्याला जागं ठेवणारं ओरेक्सिन नावाचं रसायनही तिथल्याच पेशी तयार करतात. डोक्याला जोराचा हिसका बसला की हा भाग दुखावू शकतो. झुरिकच्या संशोधकांना गंभीर मार लागलेल्या रुग्णांच्या मेंदूजलात पहिल्या काही दिवसांत ओरेक्सिनची पातळी घसरलेली आढळली. त्यांनीच २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६५ रुग्णांना सहा महिन्यांनी तपासलं, तर ४७ जणांच्या झोपेत आधी नसलेला बिघाड होता. कोणाला झोप येत नाही, कोणाला आवरत नाही, कोणाचं दिवस-रात्रीचं चक्रच सरकतं. मार लागलेल्या माणसाची झोपेची गरजही अनेकदा वाढते आणि आपण किती पेंगुळलेले आहोत हे त्याचं त्यालाच नीट कळत नाही. म्हणजे माझी दुपारची झोप आळस नाही आणि रात्रीची जाग टेन्शन नाही. ती इजाच आहे. पायाला प्लास्टर घातलेल्याला कोणी "मनावर घे, धावशील" म्हणत नाही. मला मात्र उठता-बसता म्हणतात.

आणि गोळी! ती तर आपल्या देशाची राष्ट्रीय लोरी. नाक्यावरच्या केमिस्टकडे अल्प्राझोलाम चिठ्ठीशिवाय मागून बघा. कायद्याने हे औषध २०१४ पासून एच-वन यादीत आहे. डॉक्टरचं, रुग्णाचं नाव वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची. मला मिळालं ते "ताई, अर्धीच घ्या" एवढ्या चिठ्ठीवर. या जातीच्या गोळ्यांनी स्मरण आणि लक्ष आणखी मंदावतं, तोल जातो, झोपेत श्वास अडखळत असेल तर तो जास्त अडखळतो. ज्याचं स्मरण, लक्ष आणि तोल आधीच डळमळीत आहे त्याला हेच द्यायचं, याला उपचार म्हणत नाहीत. ब्याद गप्प करणं म्हणतात. (गोळी चालू असेल तर हा लेख वाचून एका रात्रीत बंद करू नका. तीही डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते.)

मला खरा उपयोग कशाचा झाला? एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा 'झोप येते का' असं न विचारता 'कधी झोपता, कधी उठता, मध्ये किती वेळा जाग येते' असं विचारलं आणि वही लिहायला लावली. मग अंगभर वायरी लावून एक रात्र तपासणी झाली. झोपेत माझा श्वास थांबत होता! मी ना लठ्ठ, ना घोरणारी. मेंदूच्या दुखापतीनंतर ही तक्रार पुष्कळांना असते, पण शोधतो कोण? आता नाकावर मास्क लावून झोपते. नवरा म्हणतो, फायटर पायलट दिसतेस. दिसू दे. बाकी सगळं कंटाळवाणं आहे: उठायची वेळ रविवारीही तीच, सकाळी गच्चीत ऊन, दुपारी गजर लावून छोटी डुलकी, चारनंतर चहा बंद, झोप नाही आली तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसायचं. निद्रानाशावर आधी गोळी नव्हे, हे वर्तनोपचार द्या, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय. मात्र झोपेचे तास मुद्दाम कमी करण्याचा त्यातला भाग आमच्यासारख्यांनी मनाने करू नये; जागरणाने फिट येऊ शकते. हे शिकवणारा माणूस शोधायला मात्र चपला झिजवाव्या लागतात.

एवढं करून डोळा लागतो न लागतो तोच मंडळाचा डीजे. मार खाल्लेल्या मेंदूला आवाज सहन होत नाही, भिंत हलली की कवटी हलते. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. वर्षातले १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, हा एकच नियम मंडळांना तोंडपाठ आहे. तक्रार केली तर उत्तर येतं, "वहिनी, वर्षातून एकदाच असतो सण." वर्षातून एकदाच असणारे सण वर्षातून किती असतात, हे एकदा कॅलेंडर घेऊन मोजा.

ऑफिसचं थोडक्यात सांगते. फिटनेस सर्टिफिकेट दिलं की तुम्ही फिट. उशिरा येण्याची सवलत मागितली तर विचारतात, "अपंगत्वाचा दाखला आहे?" २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, मेंदूची दुखापत असा वेगळा प्रकार त्यात नाही. काठी टेकत गेले असते तर निदान खुर्ची तरी पुढे केली असती.

देशात एकट्या २०२२ मध्ये रस्ते अपघातांत ४ लाख ४३ हजारांहून अधिक माणसं जखमी झाली. त्यांतल्या किती जणांच्या डोक्याला मार लागला असेल आणि त्यांतले किती आज रात्री छताकडे बघत पडले असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. तुमच्या घरात असा कोणी असेल तर काशाची वाटी आत ठेवा. त्याच्या झोपेची पंधरा दिवसांची वही लिहा, ती घेऊन पुढच्या तपासणीला जा, आणि डॉक्टर ती उघडून वाचेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.