पाळकसाहेब, वचन पहिल्यापासून वाचा

पोस्ट थोडी लांब आहे आणि काही जणांना झोंबेल. झोंबू द्या.

मागच्या महिन्यात माझ्या चुलतबहिणीचा 19 वर्षांचा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. सांत्वन सभेला बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. त्यांनी लूक 13 उघडलं, पश्चात्ताप केला नाही तर नाश होईल हे वचन वाचलं आणि त्यावर पाऊण तास बोलले. असा घाला घरावर उगाच येत नाही म्हणे, देव घराची झडती घेतो. समोर सतरंजीवर त्या पोराची आई बसलेली. लोक 'आमेन' म्हणत होते. खोटं कशाला बोलू, मीही गप्प बसलो.

रात्री बहिणीने विचारलं, "दादा, माझं कुठलं पाप असेल रे?"

घरी येऊन तो अध्याय पुन्हा वाचला. प्रचारकांनी वाचलं ते तिसरं वचन, आणि तेही अर्धं. पिलाताने काही गालीली लोकांना त्यांच्या यज्ञाच्या वेळीच कापून काढलं होतं. ती बातमी काही जण येशूकडे घेऊन आले. दुसऱ्या वचनात येशू त्यांनाच विचारतो, हे मेले म्हणजे बाकीच्या गालीली लोकांपेक्षा जास्त पापी होते, असं वाटतं का तुम्हाला? तिसऱ्या वचनाची सुरुवातच 'नाही'ने होते. एवढ्यावर न थांबता तो स्वतःहून शिलोहाच्या बुरुजाचं उदाहरण देतो. बुरूज कोसळून अठरा माणसं चिरडली. ती काय यरुशलेमातली सर्वात पापी होती? परत तेच उत्तर, नाही. म्हणजे ज्या उताऱ्यात प्रभूने दोन-दोनदा नाही म्हटलं, तोच उतारा घेऊन आमचे प्रचारक एका आईला 'हो' सांगून गेले!

पश्चात्तापाची ताकीद त्या उताऱ्यात आहेच की. पण ती कोणाला? मेलेल्यांची बातमी घेऊन आलेल्या, आपण सुरक्षित आहोत असं समजणाऱ्या जिवंत माणसांना. त्या दिवशी मंडपात ती ताकीद लागू पडत असेल तर आम्हा आमेनवाल्यांना.

कोणी म्हणेल, दावीदाचं मूल त्याच्या पापामुळेच गेलं ना? हो, 2 शमुवेल 12 मध्ये तसं लिहिलंय. मीही त्यावर पुष्कळ अडलो. पण नाथान कोणाकडे गेला ते बघा. उरीयाला मारवून त्याची बायको घरात आणणाऱ्या राजाकडे. पाप कोणतं, मेला कोण, सगळं नावानिशी सांगितलं, तेही राजाच्या तोंडावर. आमचे प्रचारक पाप कोणतं ते सांगत नाहीत, अंदाजाने दगड भिरकावतात. आणि यहेज्केल 18 त्यांच्या पवित्र शास्त्रात नाही का? बापाच्या अपराधाचा भार मुलाने वाहायचा नाही, असं तिथे स्पष्ट आहे. योहान 9 मध्ये जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? प्रभूने दोन्ही नाकारली.

आता दुसरी बाजू बघा. याच मंडळींच्या तोंडून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं ते बोलणं (लूक 3) किती वेळा ऐकलंत? लोकांनी विचारलं, आम्ही करायचं काय? तो जकातदारांना म्हणाला, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांना म्हणाला, कोणाला धाक घालून पैसे उकळू नका, पगारात भागवा. दोन अंगरखे असतील तर एक देऊन टाका. पश्चात्ताप म्हणजे हे! जक्कयाने तर ज्याला फसवलं त्याला चौपट परत देतो म्हणून सगळ्यांसमोर कबूल केलं. मग मंडळीची जमीन परस्पर विकली गेली, कॉन्व्हेन्शनच्या देणगीचा हिशोब तीन-तीन वर्षं नाही, तेव्हा जक्कयावर उपदेश का होत नाही? तेव्हा सगळ्यांना क्षमा आठवते. 'दोष काढू नका' आठवतं. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरच्या पापाला क्षमा आणि सतरंजीवरच्या दुःखाला झडती, हा कुठला शास्त्रपाठ?

सगळेच पाळक असे नाहीत. लहानपणी आमच्या मंडळीत एक म्हातारे पाळक होते. मयतीच्या घरी जाऊन नुसते बसायचे. निघताना छोटी प्रार्थना करायचे, कधीकधी तीही पूर्ण व्हायची नाही, गळा दाटायचा. उपदेश रविवारी.

बहीण त्या दिवसापासून उपासनेला आलेली नाही. मीही तिला चल म्हटलेलं नाही. काय तोंडाने म्हणू?

पुढच्या महिन्यात आमच्याकडे तीन दिवस संजीवन सभा आहे आणि वक्ते तेच आहेत. पंचांना मी कळवलंय की मी पुढे बसणार. लूक 13 निघालं तर पहिल्या वचनापासून वाचा म्हणून विनंती करणार. नाही वाचलं, तर उभा राहून मीच वाचणार, माईक नसला तरी.