काम शिकायचे, पण दुखणे विकत घ्यायचे नाही

दसरा-दिवाळी जवळ आली की मोठ्या सोसायट्यांमध्ये सोफे, गाद्या, गालिचे धुऊन देणाऱ्यांना मागणी येते. स्कूटरवर पुढे मशीन आणि मागे बादली-पाइप बांधून सकाळी वस्तीतून निघणारी ही पोरे आपल्याच घरांतली आहेत. कुणी बारावी झालेला, कुणी पदवी घेऊन नोकरीची वाट बघून थकलेला. आता मुलीही या कामाला जाऊ लागल्या आहेत. काम हातात बसायला काही महिने लागतात. मला याच महिन्यांविषयी बोलायचे आहे. कारण न जाणारा खोकला, हाताची सोललेली कातडी आणि कंबरेचा ठणका यांची सुरुवात बहुतेक वेळा शिकण्याच्या काळातच होते, आणि नंतर ती माणसाला जन्मभर पुरते.

त्याआधी एका आक्षेपाचा विचार करू. आपल्यातली जुनी माणसे म्हणतात, "बाबासाहेबांनी घाणीची कामे सोडायला सांगितली आणि तुम्ही पोरांना पुन्हा लोकांची घाण काढायला पाठवता?" हा सवाल रागाने उडवून लावण्यासारखा नाही. त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. पण गावकीची कामे बाबासाहेबांनी सोडायला लावली ती ती कामे जन्माने गळ्यात पडलेली होती, त्यांना धड मजुरी नव्हती आणि नाही म्हणायची मुभा नव्हती म्हणून. स्वच्छता करणे हेच हलके, असे आपला धम्म सांगत नाही. विनयपिटकात कथा आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता, त्याच्याजवळ कुणी जात नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले. परिचारिकेचे काम केलेल्या कुणालाही ही कथा लगेच भिडते.

दुसरी गोष्ट कापडाची. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने होती, पण विणकाम खात्याची दारे त्यांना बंद होती. तिथे पगार जास्त होता. धोट्यात नवी कांडी भरताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतरांना नको होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि सर्व खाती आमच्या माणसांना खुली करा अशी मागणी केली. म्हणजे त्यांची लढाई फक्त कामासाठी नव्हती, ती हुनर असलेल्या कामासाठी होती.

आजच्या सोफा धुण्याच्या कामातही हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत उभा आहे. नव्या पोराला हेल्पर म्हणून घेतात. तो बादल्या भरतो, मशीन तीन मजले चढवतो, ब्रश घासतो. कापड कोणते, औषध कोणते, किती पाण्यात किती घालायचे हे दुसरा ठरवतो. सहा महिन्यांनीही हेल्पर हेल्परच राहतो, फक्त त्याचे हात खराब झालेले असतात. माझे म्हणणे एवढेच आहे की हे काम जरूर शिका, पण पुरते शिका. ज्याला कापड आणि औषध कळते तो कारागीर. ज्याला फक्त घासणे कळते त्याच्या अंगावरच सगळे औषध सांडते.

पुरते शिकायचे म्हणजे काय शिकायचे? पहिली पायरी, ओळख. काही सोफ्यांच्या गादीखाली चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर 'डब्ल्यू' असेल तर पाण्याचे औषध चालते, 'एस' असेल तर पाणी नको, फक्त ड्रायक्लीनिंगचे द्रावण, 'डब्ल्यूएस' असेल तर दोन्ही चालते आणि 'एक्स' असेल तर नुसता व्हॅक्यूम मारायचा. चिठ्ठी नसेल तर आतल्या शिवणीतला एक धागा काढून घराबाहेर जाळून बघतात. सुती धागा कागदासारखा जळतो, लोकर आणि रेशीम केस जळल्यासारखे घाण वास देतात, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. मग मागच्या बाजूला न दिसणाऱ्या जागी औषधाचा थेंब टाकून पांढरे फडके दाबायचे. फडक्यावर रंग उतरला तर थांबायचे.

दुसरी पायरी, कोरडी धूळ आधी काढणे. धुळीवर पाणी पडले की चिखल होतो आणि तो धाग्यात बसतो. त्यानंतर औषध फवारून काही मिनिटे मुरू द्यायचे, मऊ ब्रश फिरवायचा आणि मशीनने पाणी ओढून घ्यायचे. शेवटी नुसते ओढायचे, पाणी न सोडता, दोन-तीन वेळा. सोफ्यात साबण उरला तर त्यावर धूळ पुन्हा लवकर चिकटते. पाणी उरले तर बुरशी धरते, विशेषतः पावसाळ्यात, आणि त्या घरातल्या दम्याच्या माणसाला त्याचा त्रास होतो. म्हणून पंखे लावून, खिडक्या उघडून सोफा वाळवणे हाही कामाचाच भाग आहे.

यातले पुष्कळ ज्ञान आपल्या घरातल्या बायकांजवळ आधीपासून आहे. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि लिंबू लावले की पुन्हा पिवळा होतो, हे कोणत्या आईला ठाऊक नाही? साबण आम्लारीधर्मी, लिंबू आम्लधर्मी, एवढाच त्याचा अर्थ. तोच हळदीचा डाग उन्हात फिका पडतो. रक्ताचा डाग थंड पाण्याने काढायचा, गरम पाणी लागले तर तो पक्का बसतो, हे दवाखान्यातल्या चादरी धुणाऱ्या प्रत्येक मावशीला माहीत असते. हे ज्ञान आपले आहे. त्याला फक्त नाव आणि दाम मिळालेले नाही.

आता अंगाचे बोलू. या धंद्यात सगळ्या रसायनांना 'लिक्विड' म्हणतात. हे एकच नाव सगळ्यात घातक आहे. नाव ठाऊक नसेल तर काय झाले हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी विचारा, यात काय आहे? मूळ डब्याच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र केले की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र केले तरी विषारी वायू होतो. "दोन्ही टाकले की जास्त साफ होते" असे कुणी सांगितले तर ते ऐकायचे नाही. गंजाचे डाग काढायच्या काही औषधांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते. ते पातळ असेल तर हाताला लागल्यावर लगेच काहीच वाटत नाही. काही तासांनी आतून ठणका लागतो, कारण ते कातडीतून खोल जाते, पार हाडापर्यंत. असे औषध लागले की हात लगेच वाहत्या पाण्याखाली धरा आणि दुखण्याची वाट न बघता रुग्णालयात जा.

फवारा मारताना बारीक थेंब श्वासात जातात. साफसफाईच्या कामगारांना कामामुळे दमा होतो, हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेले आहे. म्हणून शक्य तिथे औषध फडक्यावर घ्या, हवेत उडवू नका. खिडकी उघडल्याशिवाय काम सुरू करू नका, मॅडमचा एसी चालू असला तरी. एन-९५ मास्क धूळ अडवतो, रसायनाची वाफ अडवत नाही, हे लक्षात ठेवा. सुट्टीच्या दिवशी बरे वाटते आणि कामावर गेले की छाती दाटते, असे होत असेल तर ते साधे सर्दी-पडसे समजू नका. डॉक्टरला काम काय करतो हे आवर्जून सांगा.

सोफ्याच्या फटीत बोटे घालू नका. तिथे सुया, ब्लेड, इन्सुलिनची वापरलेली सिरिंजसुद्धा निघते. आधी टॉर्च मारा, मग व्हॅक्यूमचे तोंड घाला. वापरलेली सुई टोचलीच तर जखम पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही रोखण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितके चांगले. हिपॅटायटिस-बीची लस तर काम धरण्याआधीच घ्यावी. डोळ्यात औषध उडाले तर निदान १५ ते २० मिनिटे पाण्याची धार सोडायची. हळद, टूथपेस्ट, तूप काही लावायचे नाही.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांसाठी. उरलेले औषध पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून घरी आणू नका. दहा बाय दहाच्या खोलीत ती बाटली लेकराच्या हाताला लागायला वेळ लागत नाही. कुणी चुकून प्यायले तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. बाटली बरोबर घेऊन दवाखान्यात पळा.

मुलींसाठी वेगळे सांगते. परक्या घरात एकटीने जायचे नाही, दोघींनी जायचे. "तुमचे संडास वापरू का?" असे विचारायची लाज वाटते म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि लघवी रोखून धरतात. त्यातून लघवीच्या जागेचा संसर्ग होतो, तो मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. काम ठरवतानाच पिण्याचे पाणी आणि संडास मिळेल ना, हे विचारून घ्या. जे घर आपल्या हाताने बसायची जागा स्वच्छ करून घेते, त्याने एवढे द्यायलाच हवे.

राहिला पैशाचा प्रश्न. "तू तर शिकतोयस, पगार कसला?" असे सांगून दोन-दोन महिने फुकट राबवतात. हे बरोबर नाही. किमान वेतनाचे विधेयक बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना १९४६ साली मांडले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. किमान वेतनाच्या दरांत 'अकुशल' कामगाराचाही दर ठरलेला असतो. म्हणजे ज्याला अजून काम येत नाही, त्याच्याही घामाला भाव आहे. कायद्याने नोंदलेल्या शिकाऊ उमेदवारालाही विद्यावेतन असते. हातमोजे, बूट, चष्मा हे मालकाने द्यायचे, हेल्परच्या पगारातून कापायचे नाहीत. मालकाची आस्थापना ईएसआयच्या कक्षेत येत असेल तर आपले नाव नोंदले आहे का हेही विचारा.

मालक विचारतील, शिकवायला आम्हाला वेळ कुठे आहे? तर थोडे आपणही करू. सोफा शिवणाऱ्या कारागिराकडे कापडाचे तुकडे उरतात. असे दहा-बारा तुकडे फळीला ठोका. त्यावर चहा, तेल, हळद, शाई यांचे डाग पाडा आणि एकेका औषधाने काढून बघा. काय चालले, काय बिघडले, ते वहीत लिहा. भंगारातून जुना सोफा आणून त्यावर हात बसवा. बिघडला तर कुणाचे नुकसान नाही. हे सगळे विहाराच्या अंगणात, मोकळ्या हवेत, रविवारच्या वंदनेनंतर होऊ शकते. काम येणाऱ्याने नवख्याला शिकवावे, आणि महिला मंडळातल्या आयांनी डागांचे आपले ज्ञान सांगावे.

हे काम कायमचे करावे असे मी कुणाला सांगणार नाही. कुणी यातून स्वतःचे मशीन घेईल, कुणी चार जणांना कामाला लावील, कुणी फी भरून पुढे शिकायला जाईल. पण त्या दिवशी त्याची छाती, डोळे आणि कंबर धड असली पाहिजे. म्हणून या दिवाळीच्या हंगामाआधी प्रत्येक घराने आपल्या पोराला तीन प्रश्न विचारावेत. औषधाचे नाव ठाऊक आहे का? हातमोजे कोण देतो? आणि मशीन कधी तुझ्या हातात आले का? तिन्हींची उत्तरे 'नाही' असतील, तर पोरगा काम शिकत नाही. त्याला फक्त राबवले जात आहे. मग त्याच्याबरोबर दोन माणसांनी मालकाकडे जाऊन बोलावे.

जय भीम.